देवाचे घर : कर्नाक आणि पंढरपूर

आषाढाच्या तोंडावर तुकोबांची पालखी पुण्याहून निघते आणि सोलापूर रस्त्याने आपल्या मांजरीजवळून लोणी काळभोरच्या मुक्कामाला जाते. आपण सारे रस्त्याच्या कडेला उभे राहतो, पादुकांचे दर्शन घेतो, वारकऱ्यांना चहा-केळी देतो आणि घरी परततो. एका वर्षी गर्दीत आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका मुलाने आजोबांना विचारले, "देव तिथेच उभा असतो, मग एवढी माणसे चालत का जातात? देवाला इकडे आणत का नाहीत?" आजोबा हसले आणि त्यांनी मुलाच्या हाती केळे ठेवले. प्रश्न मात्र केळ्याने मिटणारा नव्हता. देऊळ ही वस्तू काय आहे, देव कोठे राहतो, त्याला कोणी भेटावयाचे आणि कोठवर आत जाऊन, हे सारे त्या एका प्रश्नात होते. आज त्याचा विचार करण्यासाठी आम्ही वाचकांना जरा लांब, नाईल नदीच्या काठी नेणार आहोत. परतताना चंद्रभागेच्या काठी उतरू.

'देऊळ' हा शब्द 'देवकुल' या संस्कृत शब्दापासून आला. कुल म्हणजे येथे घर. प्राचीन मिसरी लोकही मंदिराला 'देवाचे घर' अशाच अर्थाच्या शब्दाने ओळखत. ही नुसती अलंकारिक भाषा नव्हे. घर म्हटले की अंगण आले, ओसरी आली, माजघर आले, निजावयाची खोली, स्वयंपाकघर आणि कोठार आले; घरधन्याचे उठणे, न्हाणे, जेवणे, झोपणे आले; आणि पाहुण्याने कोठपर्यंत यावे याची रीत आली. ओळखीचा नसलेला मनुष्य अंगणातून परत जातो, स्नेही ओसरीवर टेकतो, आप्त माजघरात शिरतो. देवळाच्या बांधणीची किल्ली या साध्या गोष्टीत आहे. आणखी एक साम्य पाहण्यासारखे आहे. मिसर देशात शेतकऱ्याचे घर तर मातीच्या कच्च्या विटांचे असेच, पण राजाचा वाडाही मुख्यतः तशाच विटांचा असे. दगड असे तो देवासाठी आणि मेलेल्यांसाठी. आपल्याकडील जुन्या खेड्यातही घरे पांढऱ्या मातीची आणि देऊळ तेवढे काळ्या दगडाचे, हे चित्र आपल्या आजोबांनी पाहिलेले आहे.

आता कर्नाक. आजच्या लक्सर शहराजवळ, नाईलच्या पूर्व तीरावर, अमुन या देवाचे हे संस्थान आहे. संस्थान हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो, कारण ते एक देऊळ नव्हे. इ. स. पू. सुमारे दोन हजारच्या सुमारास तेथे बांधकाम सुरू झाले आणि पुढे दोन हजार वर्षे राजामागून राजाने त्यात भर घातली. भर नेहमी बाहेरच्या बाजूस पडे. मूळ गाभारा आत राही. नवा राजा त्याच्यापुढे नवे चौक आणि नवी द्वारे उभारी. म्हणून पश्चिमेकडून आत शिरणारा मनुष्य जसजसा पुढे जातो तसतसा मोठ्या मानाने काळात मागे जातो. सर्वांत बाहेरचे पहिले महाद्वार सर्वांत उशिराचे, आणि ते अर्धवटच राहिले आहे. त्याच्या पाठीमागे कच्च्या विटांच्या उतरणीचा अवशेष अजून शिल्लक आहे. ती उतरण म्हणजे त्या काळची परांची होय. भिंत जसजशी चढे तसतशी विटामातीची उतरण वाढवावयाची, तीवरून दगड ओढून न्यावयाचे आणि काम संपले की ती काढून टाकावयाची. येथे काम संपलेच नाही, म्हणून मजुरांची ही वाट आपल्याला दिसते. पुरे झालेल्या इमारतीपेक्षा अपुरी इमारत कधी कधी अधिक शिकवते, असे आम्हांस वाटते.

द्वारातून आत गेले की उघडा चौक लागतो. तेथे ऊन असते. चौकापलीकडे खांबांचा तो प्रसिद्ध मंडप. सेती पहिला आणि त्याचा पुत्र रामेसेस दुसरा यांनी इ. स. पू. तेराव्या शतकात तो उभारला. त्यात १३४ खांब आहेत आणि त्याचे क्षेत्र सुमारे सव्वा एकर भरते. मधल्या दोन ओळींतील १२ खांब सुमारे ७० फूट उंच, बाजूचे त्यांहून बरेच ठेंगणे. उंचीच्या या फरकामुळे मधले छत वर उचलले गेले आणि दोन छतांमधील फटीत दगडी जाळ्या बसविता आल्या. मंडपात जो उजेड येई तो तेवढ्यातूनच. आता गंमत पाहा. उजेडातील मधल्या खांबांचे माथे उमललेल्या पपायरसच्या फुलासारखे आहेत आणि अंधारातील बाजूच्या खांबांचे माथे मिटलेल्या कळ्यांसारखे. सूर्य जेथे पोहोचतो तेथे फूल उमलले आहे.

एवढे खांब कशासाठी? भक्तीची गर्दी दाखविण्यासाठी नव्हे, दगडाच्या स्वभावामुळे. दगडावर कितीही ओझे ठेवा, तो दाब सोसतो. पण दोन टेकांवर आडवा ठेवून मध्ये भार दिला की तो खालच्या अंगाने तडकतो. लाकडाची तुळई वाकते आणि आपल्याला सावध करते. दगडाची तुळई सूचना न देता तुटते. म्हणून दगडी छत घालावयाचे तर टेकू जवळजवळ हवेत. नाईलकाठच्या गवंड्याला ही अडचण होती, तशीच ती आपल्या सह्याद्रीतील गवंड्यालाही होती. आपल्याकडे तिच्यावर एक सुंदर तोड निघाली. चार तुळयांच्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकावयाच्या म्हणजे आतला चौकोन लहान होतो. त्यावर पुन्हा तिरप्या शिळा, पुन्हा लहान चौकोन, आणि शेवटी उरलेल्या भोकावर एकच कोरीव शिळा ठेवावयाची. जुन्या देवळाच्या सभामंडपात मान वर करून पाहिले तर ही युक्ती दिसते. यात चुन्याचा लेप बहुधा नसतो. शिळेचे वजन आणि तिची खाच हेच तिला धरून ठेवतात.

अशा देवळांना आपण सरसकट 'हेमाडपंती' म्हणतो. हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मोठा अधिकारी. पण अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. शिलाहारांचे ते देऊळ हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधी याच रीतीने उभे होते. लोकांनी एका कर्तबगार प्रधानाच्या नावावर सगळ्या अनामिक पाथरवटांचे काम जमा केले. असो, नाव आता पुसले जाणार नाही.

पुन्हा कर्नाककडे. खांबांच्या मंडपातून पुढे जावे तसतशी जमीन किंचित चढत जाते, छत उतरत जाते, दालने अरुंद होतात, उजेड मावळतो, आणि शेवटी एका काळोख्या खोलीत लहानशी मूर्ती. मिसरातील बहुतेक मोठ्या देवळांची ठेवण अशीच आहे. या खोलीत कोण जाई? राजा, आणि राजाच्या वतीने नेमलेला पुजारी. हे पुजारी दिवसातून दोनदा आणि रात्री दोनदा थंड पाण्याने स्नान करीत आणि अंगावरचे सगळे केस काढीत, असे हेरोडोटस हा ग्रीक ग्रंथकार लिहितो. पहाटे गाभाऱ्याची मोहोर फोडावयाची, देवाला न्हाऊ घालावयाचे, वस्त्रे नेसवावयाची, अन्न पुढे ठेवावयाचे. आणि देवाचे 'जेवण' झाल्यावर तेच अन्न उचलून पुजाऱ्यांना व सेवकांना वाटावयाचे. नैवेद्य आणि प्रसाद आपल्याला ठाऊक आहेतच. सामान्य मिसरी माणसाला मात्र फार तर बाहेरच्या चौकापर्यंत मुभा असे. त्याला देव भेटे तो उत्सवात. ओपेतच्या उत्सवात अमुनची मूर्ती एका नौकेत बसवून कर्नाकहून तीनेक किलोमीटरवरच्या लक्सरच्या देवळाकडे नेत. नौका खांद्यावरून निघाली तरी मूर्ती झाकलेलीच असे. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून पडद्याकडे पाहत.

त्या मुलाचा प्रश्न येथे आठवतो. तेथे देव बाहेर निघे आणि लोक उभे राहत. आपल्याकडे विठोबा उभा आहे आणि लोक निघतात.

पंढरपूरचे देऊळ लांबीला सुमारे साडेतीनशे फूट आणि रुंदीला सुमारे एकशेसत्तर फूट आवारात बसले आहे. तेही एका हाताचे आणि एका काळाचे काम नाही. जुने खांब, त्यांवर नंतरच्या शतकांतील भिंती, मराठेशाहीतील भर, असे ते थरांनी वाढले. पूर्वेकडे महाद्वार. त्याची पहिली पायरी ती नामदेवाची पायरी. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून नामदेवाने तेथे समाधी घेतली अशी परंपरा आहे. आत चौक, चौकात दीपमाळा, गरुड आणि मारुती. मग लाकडी सभामंडप. मग जयविजय उभे असलेला दरवाजा आणि सोळा खांबांचा सोळखांब. त्यापुढे चार खांबांचा चौखांब. आणि शेवटी लहानसा गाभारा. सोळा, चार आणि एक : किती खांबांच्या आधाराने उभे राहावयाचे हे आकडेच सांगतात. चौखांबाला लागून देवाचे शेजघर आहे. मागच्या अंगास रखुमाईचे स्वतंत्र देऊळ. उजेडाकडून अंधाराकडे आणि विस्ताराकडून एका बिंदूकडे जाण्याची योजना कर्नाकचीच, पण माप माणसाचे. कर्नाकच्या मंडपात माणूस मुंगीएवढा होतो. सोळखांबात शेजारच्याचा खांदा आपल्या खांद्याला लागतो.

येथील देवाची दिनचर्याही घरचीच. पहाटे काकडआरती, मग पंचामृताचे स्नान, दुपारी महानैवेद्य, पुढे पोशाख, सायंकाळी धुपारती, रात्री शेजारती. आषाढी-कार्तिकीच्या यात्रेत मात्र देवाचा पलंग काढतात. पलंग काढला म्हणजे देव झोपत नाही. दर्शन रात्रंदिवस चालू राहते आणि यात्रा संपल्यावर प्रक्षाळपूजा करून देवाला पुन्हा निजवितात. घरी लग्नाचे वऱ्हाड आले म्हणजे यजमान जसा अंथरुणाला पाठ लावीत नाही, तसेच हे. जगातील पुष्कळ देवांनी भक्तांना जागरणे करावयास लावली. भक्तांसाठी स्वतः जागणारा देव आम्हांला या चालीमुळे फार जवळचा वाटतो.

पण घर म्हटले की खर्च आला, आणि खर्च आला की मिळकत. मिसरात रामेसेस तिसऱ्याच्या काळची, इ. स. पू. बाराव्या शतकातील, देवस्थानांच्या मालमत्तेची एक लांबलचक यादी पपायरसवर लिहिलेली सापडली आहे. तिच्यात थीब्जच्या अमुन देवस्थानाकडे सुमारे ८६ हजार माणसे, चार लाखांहून अधिक जनावरे, ४३३ बागा, ८३ नौका आणि ६५ गावे लिहिली आहेत. म्हणजे देव हा देशातील एक मोठा जमीनदार होता. देवळाच्या कोठारांत धान्य साठे आणि तेथूनच कारागिरांचे वेतन निघे, कारण नाणी अजून नव्हती. याच राजाच्या २९ व्या वर्षी, इ. स. पू. ११५७ च्या सुमारास, राजांच्या थडग्यांवर काम करणाऱ्या कारागिरांना धान्य वेळेवर मिळाले नाही. तेव्हा ते हत्यारे ठेवून चालत निघाले आणि नाईलच्या पश्चिम तीरावरील देवळांपाशी जाऊन बसले. आम्ही भुकेने आणि तहानेने येथवर आलो, असे त्यांनी सांगितल्याची नोंद आहे. ज्याचा लेख शिल्लक आहे असा जगातील हा बहुधा पहिला संप. ते राजवाड्यावर न जाता देवळावर का गेले, याचे उत्तर रामेसेस दुसऱ्याच्या देवळामागे कच्च्या विटांच्या कमानींच्या रूपाने अजून उभे आहे. ती धान्याची कोठारे आहेत.

आपल्याकडील देवळांचे हिशेबही दगडावरच राहिले. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०६ च्या सुमाराचा एक लेख आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ काढला आणि यादवांच्या मांडलिकाने त्याला उत्पन्न लावून दिले, असे त्यात आहे. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे, कारण बाजारातील कर आणि घाण्यावरचे तेल कोणी किती द्यावयाचे हा व्यवहार तेल्याला आणि वाण्याला समजला पाहिजे. स्तुती संस्कृतात, हिशेब मराठीत! गणिताच्या अभ्यासाला लागणारे तेल देवळातल्या दगडावर लिहून ठेवलेले असावे, ही आम्हांला महाराष्ट्राच्या इतिहासातील एक अभिमानाची गोष्ट वाटते.

पंढरपुरास सोळखांबात तर 'चौऱ्याऐंशीचा लेख' म्हणून प्रसिद्ध असलेली शिळा आहे. भाविक तिला पाठ घाशीत, कारण चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा त्यामुळे चुकतो अशी समजूत. वास्तविक ती शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळातील देणगीदारांची यादी आहे. तीत रामचंद्रदेव यादव आणि हेमाद्री पंडित यांची नावे आहेत, आणि त्याच दगडावर गद्याणांत देणगी देणाऱ्या साध्या माणसांचीही आहेत. वर्गणीच्या यादीला पाठ घासून मोक्ष मिळतो की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. पण राजाचे आणि रयतेचे नाव एका दगडावर यावे, हे कर्नाकच्या भिंतींवर घडले नसते. तेथे देवापुढे उभा असलेला प्रत्येक ठिकाणी राजाच दिसतो.

एवढे म्हणून झाल्यावर आपण फार फुशारून जाण्याचे कारण नाही. अंगण, ओसरी, माजघर ही रचना पाहुण्यांची प्रतवारी करते, हे आम्ही आरंभीच म्हटले. मिसरात ती प्रतवारी राजा आणि प्रजा अशी होती. आपल्याकडे ती जन्मावरून होती. महाद्वाराच्या बाहेर, नामदेवाच्या पायरीसमोर, चोखामेळ्याची समाधी आहे. मंगळवेढ्यास कुसवाचे काम चालू असता ते कोसळले आणि चोखोबा त्याखाली गेला, हे इ. स. १३३८ मधले. नामदेवाने त्याच्या अस्थी आणल्या. कोणत्या अस्थी चोखोबाच्या हे विठ्ठलनामाच्या ध्वनीवरून ओळखले, अशी कथा आहे. त्या अस्थी विठोबाच्या दृष्टीसमोर ठेविल्या, पण उंबऱ्याबाहेर. दगड चिणताना मेलेल्या माणसाला त्याच दगडी देवळात पाऊल टाकता आले नाही. देवळाचा नकाशा काढावयाचा तर हे स्थान वगळून चालणार नाही. आमच्या मते त्या इमारतीविषयी सर्वांत अधिक सांगणारी जागा तीच आहे.

हा नकाशा बदलण्यास सहाशे वर्षे लागली. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी आपल्या पुण्यात पर्वतीच्या देवळासाठी सत्याग्रह झाला आणि सत्याग्रहींनी मार खाल्ला. २ मार्च १९३० रोजी नाशिकला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा लढा सुरू झाला. तो पाच वर्षे चालला आणि दार उघडले नाही. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले. दहाव्या दिवशी ते सुटले आणि विठोबाचे दार हरिजनांना मोकळे झाले. पुढे १९७३ मध्ये पंढरपूरच्या देवळांसाठी कायदा झाला. बडवे आणि उत्पात यांच्या वंशपरंपरागत हक्कांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१४ च्या जानेवारीत ते हक्क संपले. त्याच वर्षी मंदिर समितीने जात आणि स्त्रीपुरुष हा भेद न ठेवता पुजाऱ्यांच्या जागांसाठी अर्ज मागविले. कर्नाकच्या पुजाऱ्याला हे ऐकून काय वाटले असते याची कल्पना करून पाहावी.

इमारतीचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. गेल्या काही पिढ्यांत भक्तांनी प्रेमापोटी देवळाला पुष्कळ काही चढविले होते : फरशा, रंगांचे थर, चांदीचे पत्रे. २०२४ च्या मार्चपासून जूनच्या आरंभापर्यंत देवाच्या पायांवर डोके ठेवण्याचे दर्शन बंद ठेवून दुरुस्तीचे काम झाले, आणि नंतरची भर काढून मूळ दगड उघडा करण्यात आला. त्याच वेळी, मे महिन्याच्या अखेरीस, एक तळघर उघडकीस आले व त्यात काही जुन्या मूर्ती मिळाल्या. ज्यांनी पूर्वी चकचकीत गाभारा पाहिला होता त्यांतील काहींना काळा दगड ओकाबोका वाटला. आम्हांला तो पाथरवटाची टाकी दाखविणारा दगड अधिक बोलका वाटतो.

ही गोष्ट आपल्या दारची आहे. मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. गावाभोवती इमारती उठल्या, हाती पैसा आला, आणि पैसा आला की गावाला प्रथम आपल्या देवळाची आठवण होते. हे चांगलेच आहे. पण जीर्णोद्धार म्हणजे जुने पाडून त्या जागी सिमेंटचा रंगीत कळस, अशी समजूत हवेली तालुक्यात कमी नाही. दगडाला तैलरंग फासला की त्याच्या आतील ओल बाहेर पडत नाही आणि पापुद्रे सुटू लागतात. भिंतीवर चकचकीत फरशी बसविली की तिच्याखाली एखादा लेख असला तर तो डोळ्यांआड होतो. वीरगळ पायरीला लागतो, जुने खांब नदीकाठी पडतात. म्हणून काम काढण्याआधी एखाद्या जाणत्याला, पुरातत्त्वाच्या अभ्यासकाला, बोलावून भिंती दाखवाव्यात. डेक्कन कॉलेज काही आपल्यापासून दूर नाही.

पंढरपुरातील आणखी एका बदलाविषयी आमची तक्रार नाही, पण हळहळ आहे. गर्दी इतकी वाढली की दर्शनाची रांग आता बहुमजली दर्शनमंडपातून आणि पुलावरून फिरून आत येते. माणसांचा जीव वाचावयाचा तर दुसरा मार्ग नाही. पण त्यामुळे महाद्वार, चौक, सभामंडप, सोळखांब हा चढता क्रम रांगेतील वारकऱ्याला नीट मिळत नाही. तो एकदम गाभाऱ्याजवळ येतो. उलट ज्यांना रांगेत दहा-बारा तास उभे राहणे जमत नाही, ते म्हातारे-कोतारे महाद्वाराशी येतात. तेथे ते प्रथम चोखोबाच्या समाधीला हात लावतात, मग नामदेवाच्या पायरीवर डोके ठेवतात, मागे सरून कळसाकडे पाहतात, आणि विठोबा भेटला असे म्हणून लोणीच्या, यवतच्या, आपल्या मांजरीच्या वाटेला लागतात.